अकरा रुपयांपासून पुढे

माझ्या टेबलाच्या खणात एका लहान पाकिटात पाच नाणी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली निघालेला एक रुपया, १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, त्याच वर्षाचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, २००२ चं संत तुकारामांचं दोन रुपयांचं आणि २००७ चं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. पाचही नाणी व्यवहारात फिरलेली. एसटीच्या कंडक्टरच्या पिशवीतून, वाण्याच्या गल्ल्यातून, भाजीवालीच्या बटव्यातून गेलेली. दर्शनी किमतींची बेरीज अकरा रुपये. तीन मला सुट्ट्यांत मिळाली, दोन विकत घ्यावी लागली, आणि त्या दोन्हींना मिळून एका वेळच्या चहा-नाश्त्याएवढाच खर्च आला. नाणी जमवायला सुरुवात करावी म्हणतो, पण परवडेल का, असं कुणी विचारलं की मी आधी हे पाकीट त्याच्या हातावर रिकामं करते.

परवडेल का, याचं उत्तर आपण काय शोधायला निघालो यावर अवलंबून असतं. ‘जुनी नाणी जमवायची’ असं म्हणून निघालेला माणूस सगळ्यात जास्त पैसे घालवतो, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. दिसेल ते घेतो, आणि दोन वर्षांनी त्याच्याकडे डबाभर नाणी असतात, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. ‘महाराष्ट्रातली कोणती माणसं आपल्या नाण्यांवर आली?’ असा एखादा नेमका प्रश्न घेऊन निघालेल्याचं मात्र थोडक्यात भागतं. शोधायचं काय ते त्याला ठाऊक असतं, त्यामुळे बाकीच्या ढिगाकडे त्याला हात न लावता पुढे जाता येतं.

सुरुवात खिशापासून करावी. हा सल्ला ऐकून नवखे लोक थोडे हिरमुसतात. त्यांना काहीतरी जुनं, काळवंडलेलं, राजाचं डोकं असलेलं हवं असतं. पण दहा रुपयांचं नाणं घ्या. बाहेर एक पिवळसर कडं आणि आत पांढरी चकती, असं हे दोन धातूंचं नाणं. याच्यावर मध्यंतरी अफवांचं केवढं मोहोळ उठलं होतं. दहा किरणांचं खरं आणि पंधरा किरणांचं खोटं, रुपयाचं चिन्ह नसलेलं चालत नाही, अशा गोष्टी पसरल्या आणि कितीतरी दुकानदारांनी हे नाणं घेणंच बंद केलं. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की दहा रुपयांची तोवर चौदा वेगवेगळ्या छापांची नाणी निघाली आहेत आणि चौदाही वैध आहेत. दुकानदारांसाठी काढलेलं ते पत्रक नव्या संग्राहकाच्या हातात आयती यादीच देऊन गेलं. त्या चौदांत होमी भाभांचं नाणं आहे, तात्या टोपे आहेत, आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं आहे, काथ्या मंडळाचंही आहे. सगळी दर्शनी किमतीला मिळाली, तर एकशेचाळीस रुपयांत चौदा छाप जमतात. आणि हौस फिटली तर ते पैसे पुन्हा खर्चताही येतात! दुसऱ्या कोणत्या छंदात ही सोय आहे?

खिशातल्या नाण्यांवरच डोळा तयार करता येतो. सनाच्या खाली पाहा. पत्त्यातल्या चौकटीसारखी बारीकशी खूण दिसली तर ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, म्हणजे फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेसमोरच्या त्या जुन्या इमारतीतलं, जिथे १८२९ च्या सुमारापासून नाणी पडत आली आहेत. पाच टोकांचा तारा दिसला तर हैदराबाद. नुसतं टिंब असेल तर नोएडा, ही टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली. काहीच खूण नसेल तर कोलकाता. ही चार चिन्हं एकदा डोक्यात बसली, की एकाच सालाच्या, एकाच किमतीच्या नाण्याचे चार भाऊ असू शकतात हे कळतं आणि सुट्टे मोजण्याची आपली रीतच बदलते. माझ्या शेजारच्या नववीतल्या मुलीने फक्त टिंबवाली रुपयाची नाणी जमवायचं ठरवलं. तिला पैसे लागले नाहीत, लागलं ते इमारतीतल्या सगळ्यांच्या सुट्ट्यांचे डबे उपसण्याचं धाडस.

चलनातून गेलेल्या नाण्यांकडे वळलं की थोडे पैसे मोजावे लागतात, पण खरंच थोडे. माझ्या मते मराठी घरातल्या नवख्यासाठी सगळ्यात समृद्ध आणि सगळ्यात स्वस्त दालन म्हणजे नया पैसा. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशेब्याण्णव पै. एका रात्रीत त्याचे शंभर नये पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस झाले हे सरळच. पण एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस, हे लोकांच्या गळी उतरवायचं होतं. म्हणून सरकारने नाण्यावरच गणित कोरलं. एक नया पैसा हातात घ्या, त्यावर हिंदीत लिहिलेलं आहे, ‘रुपये का सौवां भाग’. दोनवर पचासवां, पाचवर बीसवां, दहावर दसवां, पंचवीसवर चौथा, पन्नासवर आधा. ज्यांना आकडे वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी आकार वेगळे ठेवले, पाचचं चौकोनी, दोन आणि दहाचं नागमोडी कडेचं. नव्यानेच स्वतंत्र झालेला देश आपल्या माणसांना अपूर्णांक शिकवतो आहे, हे त्या सहा नाण्यांच्या संचाइतकं स्पष्ट मला कुठल्याही पुस्तकात दिसलेलं नाही. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. हा सहा नाण्यांचा संच जुन्या बाजारात सुटी नाणी निवडून आजही एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी खर्चात होतो.

याच पट्ट्यात पुढे सत्तरच्या दशकातली घोषणांची नाणी येतात. १९७३ साली ‘अधिक अन्न उगाओ’, १९७४ साली छोट्या कुटुंबाची आणि सर्वांना अन्नाची हाक, १९७५ चं स्त्री-वर्षाचं, १९७९ चं बाल-वर्षाचं. यातली दहा पैशांची आणि पाच पैशांची नाणी ॲल्युमिनियमची, फुंकर मारली तर उडतील इतकी हलकी. बाजारात ती ढिगात पडलेली असतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. मला मात्र ती फार जवळची वाटतात. दुष्काळ, रेशनच्या रांगा, नसबंदीच्या मोहिमा, हा सगळा काळ त्या नाण्यांवर छापलेला आहे. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी व्यवहारातून कायमची बाद झाली. तेव्हापासून ती किलोवर विकली गेली, भंगारात गेली. नाणी वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तरी ॲल्युमिनियमच्या पैशाची कुणाला पडली होती? आज फुटकळ वाटणारं यातलं एखादं पुढे दुर्मीळ ठरेल, असं मला राहून राहून वाटतं. म्हणून नव्हे, पण आठवण म्हणून तरी ती घ्यावीत.

आण्या-पैचा काळ हा मराठीत अजून जिवंत आहे, म्हणून तो हातात धरायला गंमत येते. चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ. पै न् पै चुकती करणारा माणूस, सोळा आणे खरी गोष्ट, ढब्बू पैसा. हे शब्द आपण रोज वापरतो, पण पै पाहिलेली नसते. ती पाहायला फारसे पैसे पडत नाहीत. पाचव्या जॉर्जची तांब्या-काशाची पाव आण्याची नाणी, म्हणजे त्या काळचा एक पैसा, भरपूर निघाली आणि भरपूर टिकली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा काढला. त्याला लोक भोकाचा पैसा म्हणत. तो आजही दहा-वीस रुपयांत मिळतो आणि पोरांना दाखवायला त्याच्याइतकं चांगलं नाणं नाही. चांदीच्या रुपयाचा मोह मात्र पहिल्या वर्षी टाळावा. १९४० पर्यंतच्या रुपयात ११.६६ ग्रॅम वजनापैकी जवळजवळ ९२ टक्के चांदी असे. तेच आपल्या जुन्या तोळ्याचं वजन, रुपयाभार सोनं म्हणजे एक तोळा. त्यामुळे हा रुपया चांदीच्या भावाखाली कुणी देत नाही, आणि कुणी देत असेल तर तो खोटा आहे एवढं धरून चालावं. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली, १९४७ चे रुपये तर निव्वळ निकेलचे. त्यांच्यावर वाघ आहे आणि ते लोहचुंबकाला चिकटतात. चांदीचं म्हणून कुणी तुम्हाला वाघवाला रुपया विकायला लागला, तर खिशातलं छोटं चुंबक त्याच्यासमोर धरावं.

आता शिवराईबद्दल. मला जास्त सांगायचं आहे ते हिच्याबद्दल, आणि नवख्याच्या मनात भीती असते तीही हिचीच. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी जोडलेलं नाणं म्हणजे लाखांचं प्रकरण असणार, असं वाटतं. सोन्याचा होन तसाच आहे. खरे होन जगात फार थोडे आहेत, आणि बाजारात दिसणारे जवळपास सगळे बनावट. पण तांब्याची शिवराई वेगळी. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. ही नाममुद्रा महाराजांच्या नंतरही चालत राहिली. सातारच्या छत्रपतींच्या नावाने, पेशव्यांच्या अमलात, मक्त्याने दिलेल्या गावोगावच्या टांकसाळींतून, पार एकोणिसाव्या शतकापर्यंत. दीडशे वर्षांच्या आसपास एकच मजकूर. म्हणून शिवराई संख्येने प्रचंड आहे. शेवटच्या काळातली दुदांडी शिवराई, जिच्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेषा असतात, ती काही शेकड्यांत सहज मिळते. फार झिजलेली तर त्याहून कमी.

एका गोष्टीची आधीच कल्पना असू द्यावी. कुणी दुकानदार दुदांडी शिवराई दाखवून ‘ही रायगडावरची’ म्हणाला, तर त्याचं ऐकून जास्त पैसे देऊ नयेत. शिवराईवर साल नसतं. कोणती आधीची, कोणती नंतरची हे अक्षरांच्या वळणावरून, वजनावरून, ठिपक्यांच्या वर्तुळावरून अभ्यासक ठरवतात, आणि महाराजांच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या चांगल्या नाण्यांची किंमत वेगळ्याच घरात जाते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पण शिवराई हातोड्याने ठोकलेली असते, यातच आपला फायदा आहे. छापाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर पूर्ण मजकूर उतरत नाही. एकावर ‘श्री’ आणि ‘राजा’चा वरचा भाग, दुसऱ्यावर ‘शिव’ पण ‘श्री’ गायब, तिसऱ्यावर ‘पति’ची वेलांटी. श्रीमंत संग्राहक पूर्ण मजकुराची, रेखीव शिवराई शोधतो आणि तिला दाम मोजतो. आपण अर्धवट छापांच्या सहा-सात शिवराया घ्याव्यात, कागदावर प्रत्येकीवरची अक्षरं काढावीत, आणि त्या तुकड्यांतून एक पूर्ण ठसा जुळवावा. कुठे ‘सिव’ लिहिलंय, कुठे ‘सीव’, कुठे अक्षर उलटं पडलंय, कारण ठसा कोरणाऱ्याला लिहिता येत होतंच असं नाही. या कामात मी एक अख्खा पावसाळा घालवला आहे आणि त्या दिवसांत मला मोडी-देवनागरीच्या अक्षरवळणांबद्दल जे कळलं, ते एका महागड्या नाण्याने मला कधी शिकवलं नसतं.

मराठवाड्यातल्या वाचकांच्या घरी आणखी एक ठेवा हमखास असतो, निजामाचा हाली सिक्का. चारमिनारची कमान असलेली ही नाणी त्या भागात १९४८ नंतरही काही वर्षं चालली. इंग्रजांच्या यंत्रावर पडलेल्या रुपयाला लोक कळदार म्हणत आणि सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कळदार, असा भाव असे. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘हाली’ आणि ‘कळदार’ हे दोन शब्द विचारून पाहा, नाण्याच्या आधी गोष्टी निघतील. गोव्याकडे पोर्तुगीज अमलातली तांगा आणि रुपियाची नाणी, आणि १९५८-५९ मध्ये आलेली एस्कुडोची नाणी मिळतात. रुपियाचे सहा एस्कुडो असा हिशेब होता, आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर या नाण्यांचं आयुष्य दोन-तीन वर्षांतच संपलं. इतक्या थोड्या काळाचा पूर्ण संच जमवणं आवाक्यातलं काम आहे.

सातवाहनांची शिशाची, पोटिनची नाणी आपल्याकडे स्वस्तात दिसतात. जुन्नर, तेर, नाशिक या परिसरात ती निघतात. दोन हजार वर्षांचं नाणं शंभर-दोनशे रुपयांत, याहून मोठा मोह नाही. तरी मी नवख्याला सांगते, थोडं थांबा. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपान क्षत्रपाची होती, आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा पैसा हातात घेऊन त्यावर आपलं नाव मारलं, आणि तो साठा एकत्र राहिला म्हणून सातकर्णीचा नहपानावरचा विजय नाण्यांतूनही सिद्ध झाला. तीच नाणी एकेक करून तेरा हजार घरांत गेली असती, तर? शेतात सापडलेलं नाणं परस्पर बाजारात आलं की त्याचा पत्ता पुसला जातो, आणि पत्ता पुसलेलं प्राचीन नाणं अभ्यासकाला निम्मंसुद्धा बोलत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. अशा नाण्यांचे खरेदीदार आपण होऊ नये, एवढं तरी आपल्या हातात असतं.

कायद्याचा आणखी एक धागा परदेशातल्या मराठी माणसांसाठी. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो. ते बाळगायला हरकत नाही, पण देशाबाहेर नेता येत नाही. पुण्याहून न्यू जर्सीला परतताना पर्समध्ये आठवण म्हणून ठेवलेली आजीची शिवराईसुद्धा यात येते. त्यांनी हवं तर नया पैशांचा संच न्यावा. आणि असे पुरावशेष विकणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, म्हणून शंभर वर्षांपलीकडचं काही घेताना पावती मागायला लाजू नये.

घ्यायचं कुठून? पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. तिथे नाण्यांच्या ढिगातून निवडून घेण्याचा आनंद काही वेगळाच. पण निवडायला डोळा लागतो, आणि तो आला नसेल तर आधी प्रदर्शनं पाहावीत. पुण्यात कॉइनेक्स भरतं, इतर शहरांतही वर्षातून एकदा तरी असं काही असतं. तिथे व्यापारी शेजारी-शेजारी बसलेले असल्याने एकच नाणं चार टेबलांवर चार भावांत दिसतं, आणि दोन तास नुसतं फिरल्यावर बाजारभाव आपोआप अंगात मुरतो. पहिल्या प्रदर्शनात काही घेऊच नये, असं मी म्हणेन. भाव विचारा, लिहून घ्या, घरी या. भिंग लावून पाहू द्यायला जो व्यापारी कुरकुरतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. जो आपणहून सांगतो, ‘हे झिजलंय, पुढच्या महिन्यात बरं येईल, तेव्हा घ्या’, त्याला धरून ठेवावं.

फसवणुकीचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे ते १८१८ सालचं राम दरबाराचं किंवा हनुमानाचं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं’ नाणं. कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. त्या देवादिकांच्या टोकन-चकत्या आहेत, नंतर कुणीतरी पाडलेल्या. पण त्यावर तांदूळ ओढण्याच्या, वीज धरण्याच्या अद्भुत कथा लावून लोकांना लाखोंचा गंडा घातला गेला आहे. दुसरा प्रकार फोनवरचा. वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं आणा, दहा लाख देतो, फक्त आधी कर आणि कमिशन भरा. वैष्णोदेवीचं नाणं खरं आहे, सुंदर आहे, आणि ते दर्शनी किमतीच्या थोडं वर सहज मिळतं. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलं, की आपण असा कोणताही व्यवहार करत नाही आणि अशा व्यवहारांसाठी कुणाला शुल्क गोळा करण्याचा अधिकार दिलेला नाही. ज्या घरात कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे, त्याच घरात हा फोन जातो. गंडवले गेलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या मुठीत ते नाणं तसंच असतं.

बनावट ओळखायला तीन साध्या गोष्टी पुरतात. चुंबक, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, आणि दहापटीचं भिंग. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि काठावर जोडाची रेघ दिसते. वजन पुस्तकातल्या वजनाशी जुळत नसेल तर विषय तिथेच संपतो. या तिन्ही वस्तूंवर मिळून जो खर्च होतो, तो पहिल्याच खोट्या नाण्यापासून वाचवतो.

पुस्तकावर खर्च करावा. परमेश्वरीलाल गुप्त यांचं नॅशनल बुक ट्रस्टचं नाण्यांवरचं छोटं इंग्रजी पुस्तक माझ्यासारख्या कितीतरी जणांचं पहिलं पुस्तक ठरलं आहे. गुप्त यांच्याच पुढाकारातून नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये नाणकशास्त्र संशोधन संस्था उभी राहिली. तिथलं संग्रहालय एकदा तरी पाहावं, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालनही. अस्सल नाणं काचेआडून का होईना तासभर पाहिलेलं असलं, की बाजारातलं नकली आपोआप खटकतं.

सरकारी टांकसाळीच्या चकचकीत पेट्या, त्यातली पंचाहत्तर रुपयांची, शंभरांची, हजाराची नाणी, याबद्दल थोडक्यात. ती व्यवहारात कधी येत नाहीत, दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त दराने विकली जातात आणि नवख्याचं वर्षाचं बजेट एका पेटीत संपवतात. कुणी भेट दिली तर आनंदाने घ्यावी.

मिळालेलं नाणं सांभाळणं हा वेगळा विषय, आणि इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगायलाच हवी. माझ्या आत्याने मला लहानपणी एक शिवराई दिली होती. देव्हाऱ्यातल्या ताम्हनाखाली ठेवलेली, गर्द चॉकलेटी रंग चढलेली. ती स्वच्छ व्हावी म्हणून मी चिंच आणि रांगोळी लावून घासली. तांबं लखलखीत झालं. पण दोनशे वर्षांत हवेने आणि हाताळण्याने चढलेली तांब्याची ती पुटं गेली, त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या, आणि उरलेल्या तांब्यावर डाग पडत राहिले. नाणं कधीही घासू नये. चिंच नको, लिंबू नको, राख नको, पितळ घासायची पावडर नको. माती लागली असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून ठेवावं आणि मऊ कापडावर टिपून घ्यावं, चोळू नये. जुनं काळं-चॉकलेटी आवरण म्हणजे घाण नव्हे, ती नाण्याची कातडी. अपवाद एकच, फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो काशाला लागलेला रोग असतो, ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं काढावं आणि जाणत्याला दाखवावं.

ठेवण्यासाठी बाजारात मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकचे अल्बम स्वस्त मिळतात. ते पीव्हीसीचे असतात, आणि कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षांत त्यातून चिकट हिरवा थर नाण्यावर उतरतो. त्यापेक्षा खिडकीवाले पुठ्ठ्याचे होल्डर किंवा साधी कागदी पाकिटं, एका घट्ट डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. बोटं कडेवर, चेहऱ्यावर नाही.

आता प्रश्न उरतो हजार रुपये हातात असतील तर कसे वाटायचे, हा. माझा हिशेब असा, अर्धे पुस्तक आणि भिंगावर, उरलेल्यातले थोडे होल्डरवर आणि मगच नाण्यांवर. नवख्याला हे उलटं वाटतं. पण पहिल्या वर्षी ज्याने वाचलं आणि पाहिलं, तो दुसऱ्या वर्षी ढिगातून नेमकं नाणं उचलतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मोह आवरत नसेल, तर दहा फिकी नाणी घेण्याऐवजी तितक्याच पैशांत एक ठसठशीत नाणं घ्यावं, आणि ती दहा परत विकायची वेळ येते तेव्हा किती जड जातं हे एखाद्या जुन्या संग्राहकाला विचारून पाहावं.

शेवटी एक वही हवी. ती विकतही दहा-वीस रुपयांचीच. पाच रकाने पुरे. नाणं, वजन, किंमत, तारीख, आणि कुठून मिळालं. हा शेवटचा रकाना नवखे लोक टाळतात. ज्ञानेश्वरांचा रुपया मला पैठण-संभाजीनगर एसटीत मिळाला, टिळकांचं नाणं लॉन्ड्रीवाल्याने सुट्ट्यात दिलं, हे लिहून ठेवलं म्हणून आज सांगता येतं. पण माझ्या वहीत पहिल्या तीस-चाळीस नाण्यांसमोर तो रकाना रिकामाच आहे, आणि पहिलीच ओळ आत्याच्या शिवराईची. तिच्याकडे ती कुठून आली, सासरहून की माहेरहून, की बाजारात कुणी मोडीत दिलेली, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही. त्या ओळीत मी पेन्सिलीने फक्त ‘आत्याकडून’ एवढं लिहिलं आहे, पुढे जागा ठेवली आहे.